एक मिलिमीटरचा धक्का

अकरावीचं कॅल्क्युलस आठवतंय? विस्थापनाच्या आलेखाचा चढ म्हणजे वेग, वेगाच्या आलेखाचा चढ म्हणजे त्वरण. उलट जायचं तर आलेखाखालचं क्षेत्रफळ मोजायचं.

डहाणू-तलासरीत नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपांची मालिका सुरू झाली. बहुतेक धक्के रिश्टर मापनावर ४ च्या आतले. तरी धुंदलवाडी परिसरात घरांना तडे गेले, लोक ऐन थंडीत तंबूत झोपले. एवढ्याशा भूकंपाला इतकं घाबरायचं?

हिशेब करून बघू. समजा, जमीन जेमतेम १ मिलिमीटर हलली, पण सेकंदाला १० वेळा. कमाल त्वरण येतं गुरुत्वाच्या सुमारे ४० टक्के! सेकंदाला एकदाच हलली, तर त्याचा शंभरावा भाग. दोनदा डेरिव्हेटिव्ह घेतलं की वारंवारितेचा वर्ग होतो ना! आणि उथळ, जवळच्या छोट्या भूकंपांत अशीच जलद कंपनं जास्त असतात.

११ डिसेंबर १९६७ ला कोयना धरणातल्या यंत्रानेही त्वरणच टिपलं होतं. कारण भिंतीवरचं बल त्वरणावर ठरतं. धक्का ओसरला की विस्थापनाचा आलेख जवळपास शून्यावर येतो. भिंतीतला तडा मात्र राहतो, आणि मनातली भीतीही.