बारभाई आणि आमचे चेअरमन

इतिहास हा विषय मी शाळेत पस्तीस मार्कांवर सोडवून घेतला आणि पुढे बी. कॉम. होऊन बँकेत चिकटलो. तेव्हा पेशवाईवर लिहिण्याचा मला अधिकार काय, असे वाचक विचारतील. (आमच्या घरी विचारून झाले आहे.) अधिकार एवढाच की मी कामोठ्याला राहतो, आणि सोसायटीच्या कमिटीत हिशेब पाहण्यासाठी माझी एकमताने, म्हणजे मी गैरहजर असताना, निवड झाली आहे.

भांडण पेटले ते पाण्याच्या पंपावरून. चेअरमनसाहेबांनी कोणालाही न विचारता नवा पंप बसवला आणि आकडा कमिटीपुढे ठेवला. पावती मागितली तर म्हणाले, "माझ्या शब्दावर विश्वास नाही?" आता शब्द काही व्हाउचरला टाचता येत नाही. चार सभा झाल्या आणि शेवटी आम्ही ठराव करून त्यांना खाली उतरवले. हे गृहस्थ माझे शेजारी. माझ्या वडिलांना रात्री दोन वाजता इस्पितळात नेले ते त्यांच्याच गाडीतून. ठरावावर माझी सही होती.

त्या सभेत मागून कोणीतरी ओरडले, "काय बारभाई कारभार चाललाय हा!" शिवी आम्हाला होती, पण मला वाईट वाटले ते खऱ्या बारभाईंसाठी.

विलायतेत राजा आणि पार्लमेंट यांची जुंपली ती १६४२ साली. पहिल्या चार्ल्सला पैसे हवे होते, पण पार्लमेंटची मंजुरी नको होती. म्हणजे मूळ पंपाचेच! सात वर्षांनी, १६४९ च्या जानेवारीत, त्याचे मुंडके उडाले. आपल्याकडे हाच सामना पुण्यात झाला. ३० ऑगस्ट १७७३ ला नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यात खून झाला आणि गादीवर आले चुलते रघुनाथराव, म्हणजे राघोबादादा. अटकेपर्यंत घोडी नेलेला माणूस, पराक्रमाबद्दल शंका नाही. पण रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी करून खुनाचा दोष त्यांच्या पदरात घातला आणि पुणे सोडले. 'ध'चा 'मा' आनंदीबाईंनी केला म्हणतात; आमच्या बँकेत एक अक्षर खोडले तरी शेजारी सही लागते.

मग कारभारी एकत्र आले. सखारामबापू बोकील, हरिपंत फडके, त्रिंबकराव पेठे, मोरोबा फडणीस आणि या सर्वांत धूर्त नाना फडणीस. फडणीस म्हणजे हिशेब ठेवणारा, हे सांगताना माझी छाती अंमळ फुगते. पानिपतावरून जीव घेऊन परतलेला, बत्तीस वर्षांचा हा हिशेबनीस धन्याविरुद्ध उभा राहिला तो कशाच्या जोरावर? तर नारायणरावांची पत्नी गंगाबाई गरोदर होती, एवढ्याच. दादा स्वारीवर असताना जानेवारी १७७४ मध्ये तिला पुरंदरावर नेऊन तिच्या नावाने कारभार सुरू केला. मुलगी झाली असती तर? इतके कच्चे तारण आमच्या मॅनेजरने कधी मंजूर केले नसते. त्यातच २६ मार्चला पंढरपूरजवळ कासेगावच्या लढाईत दादांनी त्रिंबकराव पेठ्यांचा पराभव केला. त्रिंबकराव जखमांनी गेले. पुढचे तीन आठवडे पुरंदरावर कोणाला झोप लागली असेल असे वाटत नाही. १८ एप्रिलला मुलगा झाला आणि चाळीस दिवसांच्या सवाई माधवरावांना पेशवाईची वस्त्रे मिळाली.

दादांनी मग तेच केले जे आमच्या चेअरमननी केले. घरचे भांडण बाहेर नेले. चेअरमन रजिस्ट्रारकडे गेले, दादा इंग्रजांकडे. मार्च १७७५ मध्ये सुरतेचा तह झाला आणि साष्टी-वसई देण्याच्या बोलीवर इंग्रजी फौज मिळाली. गंमत म्हणजे मुंबई शाखेचा हा व्यवहार कलकत्त्याच्या हेड ऑफिसने नामंजूर केला आणि १७७६ मध्ये पुरंदरला बारभाईंशी वेगळाच तह केला. शाखेने ते मनावर घेतले नाही. शाखा घेत नाहीतच.

आणि इथे आमच्या भागाचा संबंध येतो. १७७८ च्या नोव्हेंबरात दादांना गादीवर बसवायला निघालेली इंग्रजी फौज उतरली ती आमच्या पनवेलला! ज्या खाडीच्या वासावरून आम्ही मानसरोवर स्टेशन आल्याचे ओळखतो, तीच ही खाडी. सुमारे ३,९०० माणसे आणि १९,००० बैल. सेनापती? तीन जणांची कमिटी! त्यातला एक आजारी पडून परत गेला, दुसऱ्याने तब्येतीपायी सूत्रे तिसऱ्याच कर्नलकडे दिली. बोरघाट चढून कार्ल्यापर्यंतचे आठ मैल जायला त्यांना अकरा दिवस लागले. (हायवेवर पाऊस असला की आमचेही साधारण असेच होते.) कार्ल्याला कॅप्टन स्टुअर्ट पडला. शौर्यामुळे मराठ्यांनीच त्याला 'इष्टुर फाकडा' म्हटले. शत्रूला असे लाडके नाव द्यायला मन मोठे लागते. महादजी शिंद्यांनी आणि हरिपंतांनी रसद तोडली, पुढचे तळेगाव आपल्याच माणसांनी जाळले. ११ जानेवारी १७७९ च्या रात्री इंग्रजांनी जड तोफा तळ्यात टाकून माघार घेतली, आणि वडगावला गुडघे टेकले.

बारा भाऊ काही सख्खे राहिले नव्हते. नानांचा चुलतभाऊ मोरोबा मधेच फुटून दादांना आणायला निघाला आणि तुरुंगात गेला; सखारामबापूही अटकेतच वारले. पण एवढे होऊनही या कमिटीने एका तान्ह्या पोराचे राज्य सांभाळले, आणि मराठी भाषेने तिला बक्षीस काय दिले? 'बारभाईची शेती, काय लागेल हाती!'

दादांचे मुंडके मात्र कोणी मागितले नाही. १७८२ च्या सालबाईच्या तहात त्यांना महिना पंचवीस हजारांची नेमणूक बांधून दिली. ते कोपरगावला जाऊन राहिले आणि पुढच्याच वर्षी डिसेंबरात वारले. ही नेमणूक वाचताना मी बराच वेळ त्या ओळीवर थांबलो.

रजिस्ट्रारकडची तारीख पुढच्या महिन्यात आहे. परवा लिफ्ट बंद होती. जिन्यात तिसऱ्या मजल्यावर चेअरमनसाहेब धापा टाकत उभे होते. सात महिन्यांत पहिल्यांदा समोरासमोर आलो. त्यांच्या हातातली भाजीची पिशवी मी घेतली. त्यांनी दिली.

"पंप कसा चालतोय?" त्यांनी विचारले.

"उत्तम," मी म्हणालो. खरेच उत्तम चालतो. "पण पावती..."

"बाबांची तब्येत?" ते म्हणाले, आणि आम्ही चौथा मजला चढू लागलो.