हृदयविकारातील विकरांची दुहेरी भूमिका

हृदयविकाराचा झटका म्हटला की रक्तवाहिनीत साचत गेलेली चरबी डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात झटक्याला कारणीभूत ठरणारा अडथळा त्याआधी अनेकदा फारसा मोठा नसतो. चरबीच्या थरावरील तंतुमय आवरण अचानक फाटते, आतील द्रव्याचा रक्ताशी संपर्क येऊन गुठळी होते आणि रक्तप्रवाह थांबतो. हे आवरण कमकुवत होण्यामागे संयोजी ऊतींचे विघटन करणाऱ्या विकरांचा मोठा वाटा असतो.

हे विकर कोणते?

हृदय व रक्तवाहिन्यांना कोलॅजेनमुळे बळकटी आणि इलॅस्टिनमुळे लवचिकता मिळते. या प्रथिनांचे जुने तंतू तोडून नव्यांना जागा करून देण्याचे काम मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटिनेज म्हणजेच 'एमएमपी' गटातील विकर करतात. त्यांच्या कार्यासाठी जस्त आवश्यक असते. जेरोम ग्रॉस व चार्ल्स लापिएर या शास्त्रज्ञांना १९६२ मध्ये या गटातील पहिला विकर आढळला, तो बेडकाच्या पिल्लाची शेपटी नाहीशी कशी होते याचा अभ्यास करताना. मानवी शरीरात असे २० हून अधिक विकर आहेत. त्यांना आवर घालणारी 'टिंप' नावाची चार प्रथिनेही शरीरच तयार करते.

तोल ढळल्यास

चरबीच्या थरात शिरलेल्या महाभक्षक पेशी हे विकर स्रवतात आणि त्यामुळे आवरणातील कोलॅजेन झिजते. पोटातील महाधमनीच्या भित्तिकेत एमएमपी-२ व एमएमपी-९ यांचे प्रमाण वाढले, तर इलॅस्टिन नष्ट होऊन तिला फुगवटा येतो. हा फुगवटा बहुधा लक्षणांविना वाढतो आणि फुटल्यास जीवघेणा ठरतो. झटक्यानंतर हृदयात मात्र हेच विकर मृत स्नायू दूर करून व्रण भरण्यास मदत करतात. त्यांचे कार्य प्रमाणाबाहेर गेल्यास हृदयाची भित्तिका पातळ होते, कप्पा पसरतो आणि रक्त पुढे ढकलण्याची क्षमता घटते.

औषधांचा अनुभव

विकरांना रोखले की आजार थांबेल, ही अपेक्षा फलद्रूप झाली नाही. झटका येऊन गेलेल्या रुग्णांना एमएमपीरोधक औषध देऊनही हृदयाचे पसरणे कमी झाले नाही, असे २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले. हिरड्यांच्या विकारात कमी मात्रेत वापरले जाणारे डॉक्सिसायक्लिन हेही एमएमपीरोधक आहे. अमेरिकेत महाधमनीचा लहान फुगवटा असलेल्या २५० हून अधिक रुग्णांवर त्याची दोन वर्षे चाचणी झाली. फुगवट्याची वाढ त्याने मंदावली नाही, हा निष्कर्ष २०२० मध्ये जाहीर झाला. एकच विकर एके ठिकाणी हानी, तर दुसऱ्या ठिकाणी दुरुस्ती करत असल्याने सरसकट प्रतिबंध उपयोगी पडत नाही, असे मानले जाते.

रुग्णांसाठी काय?

रक्तातील एमएमपीची तपासणी नेहमीच्या उपचारांचा भाग नाही. चरबीच्या थरातील दाह कमी करून आवरण स्थिर ठेवण्यास स्टॅटिन औषधे साहाय्यभूत ठरतात. पोटातील महाधमनीच्या फुगवट्याचे सर्वांत मोठे टाळता येण्याजोगे कारण धूम्रपान हे आहे. सोनोग्राफीच्या साध्या तपासणीत हा फुगवटा दिसतो. त्यामुळे दीर्घकाळ धूम्रपान केलेल्या ६५ वर्षांवरील पुरुषांनी या तपासणीबाबत डॉक्टरांचा सल्ला घेणे हितावह ठरते.