पुंज-विहिरींतील प्रकाशीय संक्रमणे

ॲल्युमिनियम गॅलियम आर्सेनाइडच्या दोन थरांमध्ये गॅलियम आर्सेनाइडचा सुमारे १० नॅनोमीटर जाडीचा पापुद्रा कोंडला, की त्यातील इलेक्ट्रॉन व विवरे यांना जाडीच्या दिशेने ठरावीक ऊर्जापातळ्याच उरतात; अशा पापुद्र्याला पुंज-विहीर म्हणतात. बेल प्रयोगशाळेत डिंगल, वीगमन व हेन्री यांनी १९७४ मध्ये शोषण-वर्णपटातील शिखरांवरून हे दाखवले. विहीर अरुंद करावी तसा प्रकाश निळ्या बाजूला सरकतो. संक्रमण मुख्यतः इलेक्ट्रॉन व विवर यांच्या समान क्रमांकाच्या पातळ्यांतच घडते. खरे मर्म ध्रुवणात आहे : प्रकाशाचे विद्युत् क्षेत्र थराला लंब असेल, तर विवरांच्या जड व हलक्या अशा दोन प्रकारांपैकी जड विवराचे संक्रमण जवळजवळ नाहीसे होते, हलक्याचे उरते. लेसर डायोड बनवणाऱ्याला हे विसरून चालत नाही. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात अशा विहिरी वाढवून त्यांचे लेसर डायोड तयार केले गेले आहेत.