अहेरी परगणा आणि स्थापत्य-शिक्षणास मिळालेले साहाय्य

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वऱ्हाडचा कापूस जलमार्गाने पूर्व किनाऱ्यास न्यावा, या हेतूने गोदावरीच्या वरच्या प्रवाहात नौकानयनाची कामे सरकारने हाती घेतली होती. या मार्गातील तिसरा मोठा खडकाळ अडथळा अहेरीच्या मुलखात, प्राणहितेवर देवलमरी येथे होता. इ. स. १८७१ मध्ये ती योजना सोडून देण्यात आली. योजना बाहेरची होती, अभियंतेही बाहेरचे होते. कामे थांबली आणि ते निघून गेले. ज्या मुलखास पूल, रस्ते व बंधारे यांची निकड सर्वाधिक, त्याच मुलखातील मुलास स्थापत्य अभियंता होणे इतके दुष्कर का ठरावे, या प्रश्नाचे उत्तर शोधताना विद्यार्थ्यास मिळणाऱ्या साहाय्याचे स्वरूप कसकसे बदलत गेले, हे पाहणे अगत्याचे आहे.

या साहाय्याचे पहिले रूप पारितोषिकाचे होते. पुण्यात १८५४ मध्ये अभियांत्रिकीचा वर्ग निघाला, तो मुख्यतः सरकारी बांधकामास लागणारे दुय्यम अधिकारी तयार करण्यासाठी. पुढे त्याचे महाविद्यालय झाले. म्हैसूर सरकारच्या साहाय्यावर पुण्यास आलेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८३ च्या परीक्षेत प्रथम आले. त्यांना जेम्स बर्कले पारितोषिक मिळाले आणि १८८४ मध्ये मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात त्यांची नेमणूक झाली. बर्कले हे भोर घाटातील लोहमार्गाचे अभियंते होते. या पद्धतीत गुणांचा गौरव निःसंशय होता. परंतु महाविद्यालयाच्या दारापर्यंत पोहोचलेल्यालाच तो लाभे. विश्वेश्वरय्या तेथवर पोहोचले, कारण त्यांच्यामागे एक संस्थान उभे होते.

अहेरीची स्थिती निराळी होती. चांदा जिल्ह्यातील ही जमीनदारी मध्य प्रांतात मोडत असे, आणि त्या प्रांतात अभियांत्रिकीच्या पदवीची सोय स्वातंत्र्याच्या वर्षापर्यंत झाली नाही. १८४७ मध्ये रुरकीस आणि १८५४ मध्ये पुण्यास आरंभ झालेला असता, जबलपूरचे महाविद्यालय १९४७ मध्ये निघाले. नागपुरास १९१४ पासून अभियांत्रिकी शाळा होती खरी, पण ती पदवी देणारी नव्हती. नागपूरचे प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० मध्ये सुरू झाले, आणि १९६२ मध्ये त्यास विश्वेश्वरय्यांचेच नाव देण्यात आले. चंद्रपूरचे शासकीय महाविद्यालय तर १९९६ चे. तेही अहेरीपासून शंभराहून अधिक किलोमीटरवर आहे.

साहाय्याचे दुसरे रूप निर्वाहाचे. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ मध्ये अनुसूचित जातींसाठी सुरू झाली, आणि १९४८-४९ मध्ये ती अनुसूचित जमातींना लागू झाली. येथे तत्त्वच पालटले: परीक्षेनंतरच्या बक्षिसाची जागा शिक्षण चालू असतानाच्या आधाराने घेतली. तथापि अहेरीच्या विद्यार्थ्यास शुल्काइतकाच, किंबहुना अधिक, भार शहरातील राहण्याजेवणाचा पडतो. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ मध्ये निघालेली 'स्वयम्' योजना ही या उणिवेची उशिरा दिलेली कबुलीच म्हणावी लागेल.

तिसरे रूप अनुभवाचे, आणि तेच सर्वांत दुर्बल राहिले आहे. शिकाऊ उमेदवारांच्या १९६१ च्या कायद्यात १९७३ मध्ये दुरुस्ती होऊन अभियांत्रिकीचे पदवीधर व पदविकाधारक त्याच्या कक्षेत आले, आणि त्यांच्या विद्यावेतनाचा अर्धा भार केंद्र सरकारने उचलला. परंतु हे साहाय्य मुख्यतः शिक्षण संपल्यावरचे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमाने पदवीपूर्व काळातच प्रत्यक्ष कामाच्या अनुभवास स्थान दिले. मात्र श्रेयांक मिळाले म्हणून प्रवासखर्च सुटत नाही. ज्याच्या नात्यागोत्यात कोणी कंत्राटदार वा अभियंता आहे, त्यास सुट्टीतील काम सहज मिळते. ज्याच्या नाही, त्याची सुट्टी घरच्या शेतात किंवा तेंदूपानाच्या हंगामात जाते.

आणि तरीही शिकण्याजोगे काम अहेरीच्या परिसरात थोडे नाही. प्राणहिता गोदावरीस मिळते त्याच्या खाली, सिरोंचा तालुक्याच्या सीमेवर, मेडीगड्डा येथील बंधारा २०१९ मध्ये कार्यान्वित झाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याचे काही स्तंभ खचले. वाळूच्या पात्रात पाया कसा वागतो, याचा एवढा मोठा धडा कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडणार नाही. पुराची पातळी, गाळाचे मान, ओढ्यांवरील मोऱ्यांची क्षमता ही मोजमापे स्थानिक विद्यार्थ्याने सुट्टीत करावीत आणि त्या दिवसांचे विद्यावेतन त्याला मिळावे, यास फार मोठा निधी लागणार नाही.

गौरव, निर्वाह व अनुभव या तिन्ही साहाय्यांचा इतिहास एकत्र पाहिला असता एक गोष्ट स्पष्ट होते. पहिल्याने राज्यास अभियंते मिळाले, दुसऱ्याने वंचितांस प्रवेश मिळाला. तिसरे पूर्ण झाल्यावाचून अहेरीस स्वतःचा अभियंता मिळणे कठीण आहे. देवलमरीच्या खडकापाशी जे १८७१ मध्ये घडले, त्याचे मर्म हेच की, बाहेरून आलेले ज्ञान कामासोबत परत जाते. स्थानिकाच्या हाती आलेले मात्र तेथेच टिकून राहण्याचा संभव असतो.