तळ्याकाठी आलेला प्राध्यापक

महाबळेश्वरी उगम पावलेली सावित्री नदी घाट उतरून पोलादपूरला येते आणि पुढे महाडवरून बाणकोटच्या खाडीकडे जाते. पाण्याने संपन्न अशा या मुलखात ओंजळभर पाण्यासाठी जो लढा झाला, त्याची हकिकत सर्वश्रुत आहे. मात्र त्या लढ्याचा नेता तेव्हाही वर्गात शिकवीत होता आणि त्याच वर्षी त्याच्या दीर्घ विद्यार्थिदशेला पूर्णत्व येत होते, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही.

बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. अर्थशास्त्रज्ञ सेलिग्मन आणि तत्त्वज्ञ जॉन ड्यूई हे तेथील त्यांचे गुरू. १९१५ साली ते एम. ए. झाले. पुढच्याच वर्षी त्यांनी तेथील अभ्यासवर्गात भारतातील जातिसंस्थेवर निबंध वाचला. बालपणापासून सोसलेल्या दुःखाकडे ते आता अभ्यासकाच्या दृष्टीने पाहू लागले होते. लंडनमधील पुढचे शिक्षण मात्र शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली अर्ध्यावर सोडावे लागले.

नोव्हेंबर १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. वेतन दरमहा ४५० रुपये होते. विद्यार्थी त्यांची व्याख्याने मन लावून ऐकत. पण प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या भांड्यातील पाणी त्यांनी पिण्यास काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. परदेशी पदवीने व्यासपीठ मिळवून दिले, पाणी मिळवून दिले नाही!

तरीही अभ्यासावरची त्यांची श्रद्धा ढळली नाही. मार्च १९२० मध्ये त्यांनी नोकरी सोडली. गाठीची शिल्लक, शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांनी दिलेले कर्ज एवढ्या बळावर ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ साली एम. एस्सी. आणि पुढच्या वर्षी बॅरिस्टर झाले. परीक्षकांनी डॉक्टरेटचा प्रबंध फिरवून लिहावयास सांगितला, तेव्हा तो पुन्हा लिहून त्यांनी १९२३ साली डी. एस्सी. संपादन केली. प्राध्यापकी केलेल्या माणसाने परत विद्यार्थ्याच्या बाकावर बसणे सोपे नसते.

मायदेशी ते वकिली करू लागले आणि १९२५ पासून बाटलीबॉय यांच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवू लागले. इकडे महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला होता, पण तो कागदावरच राहिला होता. दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे यांनी महाडला परिषद भरविण्याचा आग्रह धरला. १९ मार्च १९२७ रोजी परिषद सुरू झाली. जमलेल्यांसाठी ४० रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. दुसऱ्या दिवशी आंबेडकर सर्वांसह तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. परतलेल्या लोकांवर गावात हल्ले झाले, तेव्हा त्यांनी आपल्या माणसांना प्रतिकारापासून आवरले.

जून १९२७ मध्ये कोलंबियाची पीएच. डी. त्यांना रीतसर प्रदान झाली. डिसेंबरात ते पुन्हा महाडला आले, तेव्हा त्यांच्या भाषणात १७८९ च्या फ्रान्समधील राष्ट्रसभेचा दाखला होता. विद्यापीठांत वाचलेला इतिहास कोकणातील शेतकऱ्यांपुढे त्यांच्याच भाषेत उभा राहिला. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. सत्याग्रहासाठी लोक नावे नोंदवून सज्ज होते. पण न्यायालयाचा तात्पुरता मनाई हुकूम आला होता. उतावीळ झालेल्या सभेला त्यांनी परोपरीने समजावले आणि सत्याग्रह तहकूब केला. स्त्रियांसमोर बोलताना मुलांबरोबर मुलींनाही शाळेत घालण्याचे आवाहन केले.

न्यायालयातील लढा दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. तेव्हा डॉ. आंबेडकर मुंबईच्या सरकारी विधी महाविद्यालयाचे प्राचार्य होते.

फार शिकलेला मुलगा घराला आणि गावाला दुरावतो, अशी खंत आपल्या घराघरांतून ऐकू येते. ती सर्वस्वी खोटी नाही. परंतु महाडचा इतिहास सांगतो की शिक्षणाने माणूस दूर गेला, तरी ते त्याला परत आणूही शकते. परतताना तो बरोबर काय आणतो आणि कोणासाठी आणतो, यावरच त्याच्या विद्येचे मोल ठरते.