डब्यावरची नक्षी : बिदरचा वारसा आणि एक जुना संगणक

दख्खनच्या इतिहासाचा विषय निघाला की आपण सुलतानांची नावं सांगतो, लढायांची सालं सांगतो, मकबऱ्यांचे घुमट दाखवतो. त्या सुलतानाच्या दिवाणखान्यातलं पानदान कुणी घडवलं, हुक्क्याच्या बुडावर चांदीची वेल कुणी बसवली, हे मात्र कुणी विचारत नाही. तख्ताचा इतिहास आपल्याला पाठ आहे. हातांचा इतिहास आपण वाचलेलाच नाही. आज त्या हातांबद्दल लिहायचं आहे आणि त्याला निमित्त आहे बंद पडलेल्या संगणकाचा डबा.

आपण सगळे ज्याला ‘सीपीयू’ म्हणतो, तो मुळात पत्र्याचा नुसता डबा असतो. खरा सीपीयू म्हणजे आतली तळहातावर मावणारी चिप. बाहेरच्या डब्याला कॅबिनेट म्हणतात. १९८१ मध्ये आयबीएमचा पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आला, तो ऑफिसच्या फर्निचरात मिसळून जाईल अशा फिक्या रंगात. पुढची कितीतरी वर्षं जगभरातले संगणक त्याच चेहऱ्याचे राहिले. १९९८ मध्ये ॲपलने निळसर पारदर्शक आयमॅक आणला, तेव्हा लोकांना जाणवलं की यंत्राचा डबाही देखणा असू शकतो. त्याच सुमारास परदेशातले हौशी तरुण आपापले डबे कापू, रंगवू, कोरू लागले. त्याला ‘केस मॉडिंग’ असं नाव पडलं.

आमच्या घनसावंगीकडे अशा डब्याचं नशीब ठरलेलं असतं. आधी कोपरा, मग भंगारवाल्याची गाडी आणि शेवटी जालन्याची भट्टी. भंगार वितळवून सळई करणारं जालना जवळच असल्यामुळे इथला पत्रा फार काळ निवांत पडून राहत नाही. त्यामुळे जुन्या डब्यावर नक्षी करायची म्हटलं की लोकांना ते मोबाइलवर पाहिलेलं परकं खूळ वाटतं.

खूळ असेल तर ते परकं नाही. रोजच्या वापरातल्या धातूच्या वस्तूला हाताने सजवायची रीत आपल्या दख्खनमध्ये काही शतकं जुनी आहे. तिचं सर्वांत मोठं ठिकाण बिदर. आज बिदर कर्नाटकात आणि घनसावंगी महाराष्ट्रात असलं, तरी १९४८ पर्यंत दोन्ही निजामाच्या एकाच संस्थानात होती. १९५६ मध्ये भाषावार राज्यरचना झाली, तेव्हा जुन्या बिदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर हे मराठी तालुके इकडे आले आणि बिदर शहर तिकडे राहिलं. नकाशावर रेघ ओढली गेली. कारागिरीला अशी रेघ ओढता येत नाही.

बहमनी सुलतान अहमदशाह वली (१४२२-१४३६) यांनी राजधानी गुलबर्ग्याहून बिदरला हलवली. त्यांच्या काळात इराणकडून आलेल्या कारागिरांनी हे काम इथे रुजवलं, असं परंपरा सांगते. बी इराणचं असेल, पण माती इथली होती, आणि बिदरीच्या बाबतीत हे शब्दशः खरं आहे.

बिदरीचं भांडं जस्ताचं असतं. त्यात थोडं तांबं मिसळतात, साधारण सोळा भाग जस्ताला एक भाग तांबं. मातीच्या साच्यात ओतून भांडं तयार झालं की कानस मारून ते गुळगुळीत करतात. मग मोरचुदाचं पाणी लावून पृष्ठभाग तात्पुरता काळसर करतात, म्हणजे त्यावर काढलेली रेघ स्पष्ट दिसते. कारागीर छिन्नीने मोकळ्या हाताने फुलं, वेली, बुट्टे कोरतो. कोरलेल्या खाचेत चांदीची तार किंवा पातळ पत्रा हातोडीने ठोकून बसवतो आणि पुन्हा घासून सगळं सपाट करतो. या टप्प्यावर भांडं पांढुरकं दिसतं आणि चांदी त्यात हरवून जाते.

खरी करामत त्यानंतरची. बिदरच्या किल्ल्यातल्या जुन्या, ऊन-पाऊस न लागलेल्या जागेची माती आणून त्यात नवसागर घालतात. त्या गरम मिश्रणात भांडं फिरवलं की जस्त कायमचं काळं पडतं आणि चांदीला काहीही होत नाही. काळ्या रात्रीत चांदणं उमटावं तशी नक्षी वर येते. शेवटी तेलाचा हात फिरवला की काळा रंग आणखी खुलतो. कोणती माती चालेल हे जुने कारागीर जिभेवर ठेवून ओळखत, असं सांगतात.

बिदरीत कामाचे प्रकारही अनेक. तारेचं ते तारकशी, पत्रा पृष्ठभागाशी समपातळीत बसवला की तहनिशान आणि नक्षी भांड्यापासून उठून वर आली की जरबुलंद. आपल्या संगणकाच्या डब्याचं नातं या जरबुलंदशी लागतं, ते पुढे सांगतो.

भाषेचा शिक्षक असल्यामुळे मला या कामातले शब्द खुणावतात. नक्षी हा ‘नक्श’चा मराठी अवतार. हुन्नर म्हणजे ‘हुनर’. कसब हा अरबी शब्द आणि त्याचा मूळ अर्थ कमाई. म्हणजे हातातलं कौशल्य आणि घामाची कमाई या दोन्ही गोष्टी एकाच शब्दात राहतात. सुरई, संदूक, पानदान ही भांड्यांची नावंही तिकडूनच आली. मराठीने हे शब्द उसने घेतले नाहीत. कारागीर, गिऱ्हाईक आणि शेजारी एकाच बाजारात वावरत होते, तिथे ते आपोआप मुरले. बिदरीचं कामही एका समाजाचं राहिलं नाही. मुस्लिम कारागिरांबरोबर लिंगायत घरांनीही ते केलं.

बिदरीची कीर्ती दूरवर गेली. १८५१ मध्ये लंडनला जगातलं मोठं औद्योगिक प्रदर्शन भरलं, तिथे बिदरी वस्तू मांडल्या होत्या. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात बिदरी हुक्क्यांची जुनी बुडं आजही पाहता येतात. त्यांच्याजवळच्या पाट्यांवर काळ आहे, प्रदेश आहे, धातू आहे. घडवणाऱ्याचं नाव बहुतेक ठिकाणी नाही. नाव मिळायला विसावं शतक उलटावं लागलं. २०२३ मध्ये बिदरचे शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा कितीतरी लोकांनी बिदरीच्या एखाद्या कारागिराचं नाव पहिल्यांदा ऐकलं असेल. हुक्के गेले, पानदानं कपाटात गेली, पण कारागीर थांबले नाहीत. ते आता पेन ड्राइव्हच्या आवरणांवरही तीच वेल बसवतात.

जालन्याचा माणूस नाव नसलेल्या हातांबद्दल लिहितो, तेव्हा शब्बीर अन्सारी यांची आठवण यायलाच हवी. त्यांनी मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली आणि दिलीपकुमार तिच्या पाठीशी उभे राहिले. मुस्लिम समाज म्हणजे फक्त नवाब आणि जहागीरदार नव्हे. तो मोमीन, पिंजारी, मण्यार, शिकलगार, तांबोळी यांचाही आहे, हे त्या चळवळीने ठासून सांगितलं. तो आरक्षणाचा प्रश्न होताच. माझ्या लेखी तो इतिहासाचाही प्रश्न आहे.

वर्गात बिदरीची कृती सांगत होतो. नवसागर म्हणताच मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, “सर, हमारे दादा के पास रहता था ना वो.” त्याचे आजोबा गावोगाव फिरून तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई करायचे. तापलेल्या भांड्यात नवसागर टाकायचा, पांढरा धूर उठायचा, आणि कापसाच्या बोळ्याने कथील फिरवलं की भांडं आरशासारखं चमकायचं. रसायनशास्त्राचा एक धडा त्या घरात तीन पिढ्या नांदत होता. शाळेच्या फॉर्मवर मात्र धंद्याच्या रकान्यात ‘मजुरी’ लिहिलेलं होतं.

मग त्याच मुलांबरोबर एक बंद पडलेला डबा सजवायला घेतला. कुणाला करून पाहायचं असेल तर कृती सोपी आहे. आधी डबा पूर्ण रिकामा करावा, कारण पत्र्याचा कीस मदरबोर्डवर पडला तर शॉर्टसर्किट होऊ शकतं. वीजपुरवठ्याचा आतला छोटा डबा कधीही उघडू नये. वायर काढली तरी त्याच्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहू शकते. पत्रा सँडपेपरने खरबरीत करावा, नाहीतर काही चिकटत नाही. मग एम-सीलचे दोन्ही भाग एकजीव होईपर्यंत मळून त्याच्या बारीक वळ्या कराव्यात. वळीची वेल होते, चपटवलं की पान होतं, आणि ओल्या बोटाने कडा गुळगुळीत होतात. हवेची भोकं मात्र मोकळी ठेवावीत. संगणक चालू असतानाची उष्णता तिथूनच बाहेर जाते. नक्षी कडक झाली की सगळ्यावर काळा रंग द्यावा आणि उठलेल्या भागावर हलक्या हाताने चंदेरी रंग फिरवावा.

ही खरी बिदरी नव्हे, हे मुलांना स्पष्ट सांगितलं. तिथे जस्त, चांदी आणि वर्षानुवर्षांचा रियाज लागतो. पण नक्षी पत्र्यावरून उठून येते, तेव्हा जरबुलंद म्हणजे काय हे बोटांना कळतं. जुन्या बिदरीवर अफूची फुलं दिसतात. आमच्या मुलांनी कापसाचं बोंड आणि मोसंबीची फांदी काढली. ते बरोबरच आहे, कारण कारागीर आपल्या डोळ्यांसमोरचं जग घडवतो.

“यातून मार्क किती मिळणार?” असं एका पालकांनी विचारलं. प्रश्न रास्त आहे, गरिबाच्या घरात तो विचारलाच जातो. मार्क मिळणार नाहीत. पण घरातल्या हाताची लाज वाटणारा मुलगा पुस्तकातल्या इतिहासातही स्वतःला शोधत नाही. तो इतिहास त्याला राजांचा आणि परक्यांचा वाटतो. मग कुणीही उठून ‘तुमचं इथे काय आहे?’ असं विचारतं, आणि त्याच्याकडे उत्तर नसतं. उत्तर आहे. ते त्याच्या आजोबांच्या नवसागराच्या डबीत आहे.

डब्याचं झाकण बसवण्याआधी मुलांनी आतल्या बाजूला आपापली नावं लिहिली, काहींनी मराठीत तर काहींनी उर्दूत. कल्हईवाल्याच्या नातवाने स्वतःच्या नावाखाली आजोबांचं नाव लिहिलं आणि त्यापुढे त्यांचा पेशाही लिहिला.