प्राणिसंग्रहालयांमधील प्राण्यांची देवाणघेवाण : वंशाची नोंद महत्त्वाची

मुंबईत बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात २०२२ च्या अखेरीस गुजरातमधील जुनागढच्या सक्करबाग प्राणिसंग्रहालयातून आशियाई सिंहांची एक जोडी दाखल झाली. त्या बदल्यात उद्यानाकडून वाघांची जोडी गुजरातला देण्यात आली. देशातील प्राणिसंग्रहालयांमध्ये अशी देवाणघेवाण नियमितपणे होत असते. नव्या प्राण्याच्या आगमनाची बातमी होते. मात्र त्यामागील परवानग्या, तपासण्या आणि नोंदी सहसा प्रकाशात येत नाहीत. प्राण्याचे पुढील आयुष्य, आणि पुष्कळदा त्याच्या पुढील पिढ्यांचे भवितव्यही, या नोंदींवरच अवलंबून असते.

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये १९९१ साली दुरुस्ती करून प्राणिसंग्रहालयांविषयीच्या स्वतंत्र प्रकरणाचा समावेश करण्यात आला आणि त्यानुसार १९९२ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची स्थापना झाली. प्राधिकरणाची मान्यता असल्याशिवाय देशात कोणतेही प्राणिसंग्रहालय चालविता येत नाही. पहिल्या व दुसऱ्या अनुसूचीतील प्राणी घेण्यासाठी वा देण्यासाठी प्राधिकरणाची पूर्वपरवानगी आवश्यक असून असा व्यवहार मान्यताप्राप्त संग्रहालयांमध्येच होऊ शकतो. १९९८ च्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालय धोरणानुसार अतिरिक्त ठरलेले प्राणी व्यापारी आस्थापनांना देता येत नाहीत.

परवानगी देताना प्राण्याचे वय, लिंग आणि आरोग्य यांच्याबरोबरच त्याचे मातापिता कोण, हेही पाहिले जाते. बंदिस्त स्थितीतील प्राण्यांची संख्या मुळातच थोडी असते. त्यामुळे नात्यातील प्राण्यांचा संयोग टाळायचा, तर प्रत्येक जन्म, मृत्यू आणि स्थलांतर यांची नोंद ठेवणे अपरिहार्य ठरते. प्रजातीनिहाय अशा नोंदवहीला वंशावळ पुस्तिका म्हणतात. भारतातील अनेक दुर्मीळ प्रजातींच्या पुस्तिका प्राधिकरणासाठी डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने संकलित केल्या आहेत. पूर्वी कानावरील खुणा किंवा अंगावरील पट्टे यांवरून प्राणी ओळखला जात असे. आता त्वचेखाली बसविलेल्या सूक्ष्म चिपवरील क्रमांक त्याची ओळख पटवितो.

अशा नोंदी नसल्या, किंवा त्यांची पडताळणी झाली नाही, तर काय घडते, याचे ठळक उदाहरण आशियाई सिंहांच्या बाबतीत आढळते. अमेरिकेतील प्राणिसंग्रहालयांनी आशियाई सिंहांच्या प्रजननाचा संयुक्त कार्यक्रम हाती घेतला होता. या सिंहांचा मूळ वंश पाच प्राण्यांपासून सुरू झाला होता. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक अभ्यासातून असे निष्पन्न झाले, की त्या पाचांपैकी दोन सिंह आफ्रिकी वंशाचे होते. बाह्य रूपावरून ते कोणाच्याही लक्षात आले नव्हते. तोपर्यंत त्यांची संतती अनेक संग्रहालयांत पोहोचली होती आणि संवर्धनाच्या दृष्टीने तो कार्यक्रम निरर्थक ठरून गुंडाळावा लागला.

भारतातही असाच अनुभव आला. चंदीगडजवळील छतबीर येथे आशियाई सिंह आणि सर्कशीतून आलेले आफ्रिकी वंशाचे सिंह यांच्या संयोगातून संकरित सिंहांची मोठी संख्या निर्माण झाली. नात्यातील प्रजननामुळे त्यांच्यात अशक्तपणा आणि रोगांचे प्रमाण वाढले. अखेर त्यांचे प्रजनन थांबविण्याचा निर्णय झाला व नरांवर निर्बीजीकरणाच्या शस्त्रक्रिया करण्यात आल्या. उरलेल्या सिंहांचा नैसर्गिक मृत्यू होईपर्यंत त्यांचा सांभाळ करणे एवढेच संग्रहालयाच्या हाती राहिले. यात त्या मुक्या जनावरांचा दोष काहीच नव्हता. म्हणूनच गीरच्या जंगलाशी थेट वंशसंबंध असलेल्या सक्करबागेतील सिंहांना इतर संग्रहालयांकडून मागणी असते.

देशाबाहेरील व्यवहारांना 'साइट्स' या नावाने ओळखला जाणारा, १९७५ पासून अमलात आलेला आंतरराष्ट्रीय करार लागू होतो. भारत १९७६ पासून या कराराचा सदस्य आहे. अत्यंत संकटग्रस्त प्रजातींच्या बाबतीत निर्यातदार आणि आयातदार अशा दोन्ही देशांचे परवाने लागतात. प्राणी जंगलातून पकडलेला आहे की बंदिवासात जन्मलेला, याचा सांकेतिक उल्लेख परवान्यावर असतो. बंदिवासात जन्मलेल्या प्राण्यांसाठी नियम तुलनेने सौम्य असल्याने नेमकी हीच नोंद खोटी करण्याचा मोह होतो.

२००२ मध्ये मलेशियातील ताइपिंग प्राणिसंग्रहालयात गोरिलाची चार पिल्ले आली. ती नायजेरियातील इबादान येथील प्राणिसंग्रहालयात जन्मल्याचे कागदोपत्री दाखविण्यात आले होते. प्रत्यक्षात ती जंगलातून बेकायदेशीरपणे पकडलेली होती. गोरिलाचे पिल्लू आईपासून सहजी वेगळे करता येत नाही. ते पकडताना कळपातील मोठे प्राणी बहुधा मारले जातात. प्रकरण उघडकीस आल्यावर २००४ मध्ये या पिल्लांना दक्षिण आफ्रिकेतील प्रिटोरिया येथे हलविण्यात आले आणि नोव्हेंबर २००७ मध्ये ती कॅमेरूनमधील लिंबे वन्यजीव केंद्रात पोहोचली. 'ताइपिंगचे चार' या नावाने हे प्रकरण जगभर ओळखले जाते. कागद पूर्ण असणे आणि कागद खरा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे प्राणी स्वीकारणाऱ्या संस्थांना त्यातून उमगले.

कागदपत्रे निर्दोष असूनही स्थलांतर सदोष ठरू शकते. १९९० च्या दशकात झिम्बाब्वेने तत्कालीन राष्ट्रपती डॉ. शंकर दयाळ शर्मा यांना भेट म्हणून दिलेला आफ्रिकी हत्ती दिल्लीच्या राष्ट्रीय प्राणिउद्यानात ठेवण्यात आला. त्याचे नावही 'शंकर' असे ठेवण्यात आले. त्याच्यासोबत आलेली हत्तीण काही वर्षांतच मरण पावली. त्यानंतर कळपात राहणारा हा प्राणी प्रदीर्घ काळ एकटाच राहिला. हत्तीला सहा महिन्यांहून अधिक काळ एकटे ठेवू नये, असा दंडक देशात २००९ पासून आहे; पण आफ्रिकी जोडीदार देशात सहजासहजी मिळणारा नव्हता. त्याला साखळीने बांधून ठेवल्याच्या कारणावरून प्राणिसंग्रहालयांच्या जागतिक संघटनेने ऑक्टोबर २०२४ मध्ये दिल्लीचे सदस्यत्व निलंबित केले. सप्टेंबर २०२५ मध्ये शंकरचा मृत्यू झाला. राजनैतिक भेट स्वीकारताना पुढील पन्नास वर्षांचा विचार कोणी केला होता, असा प्रश्न येथे उपस्थित होतो.

खासगी मालकीच्या किंवा मंदिर-मठांतील हत्तींची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्या हस्तांतरणासाठी केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये स्वतंत्र नियम अधिसूचित केले असून त्यात पशुवैद्यकीय प्रमाणपत्राबरोबरच हत्तीच्या जनुकीय नोंदीचीही अट आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील नांदणी मठाच्या हत्तिणीला न्यायालयाच्या आदेशानुसार जुलै २०२५ मध्ये जामनगरला हलविण्यात आले. तेव्हा जनभावना किती तीव्र असू शकते, हे महाराष्ट्राने पाहिले.

प्रत्यक्ष प्रवासाची तयारी मात्र फार आधीपासून सुरू होते. वाघ, सिंहासारख्या प्राण्यांचा वाहतुकीचा पिंजरा काही दिवस त्यांच्या निवाऱ्याला जोडून ठेवतात आणि त्यातच खाणे देतात, जेणेकरून प्राणी स्वतःहून आत जाऊ लागावा. गुंगीचे औषध देऊन प्रवास घडविणे शक्यतो टाळले जाते, कारण गुंगीतील प्राण्याचा तोल आणि शरीराचे तापमान दोन्ही सांभाळणे अवघड असते. चितळांसारख्या बुजऱ्या प्राण्यांना हाताने पकडल्यास भीतीनेच स्नायू निकामी होऊन मृत्यू ओढवू शकतो. म्हणून त्यांच्यासाठी नरसाळ्याच्या आकाराचे, आडोसा केलेले कुंपण उभारतात. चितळ त्यातून हळूहळू पुढे सरकत थेट वाहनात चढतात. आफ्रिकेतून आलेली ही पद्धत 'बोमा' म्हणून ओळखली जाते. उन्हाळ्यात प्रवास रात्री किंवा पहाटे होतो आणि सोबत पशुवैद्यक तसेच प्राण्याच्या परिचयाचा रखवालदार असतो. त्याच्याकडून प्राण्याचा आहार, वेळा आणि सवयी यांची माहिती नव्या ठिकाणच्या रखवालदाराला दिली जाते.

पोहोचल्यानंतर प्राण्याला साधारणतः तीस दिवस इतर प्राण्यांपासून वेगळे ठेवण्यात येते. या काळात रक्त आणि विष्ठेची तपासणी होते, जंतनाशके दिली जातात आणि खाण्यावर लक्ष ठेवले जाते. अहवाल समाधानकारक आल्यावरच त्याला मुख्य पिंजऱ्यात सोडतात. प्रेक्षकांना त्याचे दर्शन घडते ते त्यानंतर.